न तपासता केलेली सही

सहा वर्षांपूर्वी तंजावूरच्या राजवाड्यामागच्या या घरात वादिराज वायरमननं अर्थिंग न तपासताच कागदावर सही ठोकली होती. "अंबाक्का, आता खुशाल हात लावा," असं वर सांगितलंही होतं. महिन्याभरात ओल्या हातानं दिव्याचं बटण दाबताना अंबाक्कांना शॉक बसला. त्या गेल्याच.

कुणी त्याला बोल लावला नाही. आज त्यांच्या लेकीनं, अखिलानं, विश्वासानं त्यालाच बोलावलं, कॉफी दिली. ती तशीच बाजूला ठेवून तो कामाला लागला.

त्यानं मेन बंद केला. दिव्यांच्या वायरी नेणारा जुना लोखंडी पाइप दोन्ही टोकांना सोडवला आणि पाइप ते जमीन असा मीटर लावला. भिंत उन्हाळ्यानं कोरडी ठणठणीत होती. पाइपातून जमिनीकडं वाटच नव्हती; काटा हलायलाच नको होता.

काटा चढला. आकडा त्याच्या ओळखीचा होता. ओल्या हातानं कुणी पाइप धरला, की एवढाच येतो.

"अखिला, पाइपावरचा हात काढ गं," मान वर न करता तो म्हणाला.

"मी माडीवर आहे, मामा," वरून आवाज आला. "तांदळाचे वडाम-पापड वाळत घालतेय."

काटा अलगद खाली आला.

अंबाक्कांनी तेव्हाही त्याचं असंच निमूट ऐकलं होतं.