प्रज्ञाचं कुलूप

प्रज्ञाचं माहेर शिंगणापूरचं. बिनदाराच्या घरात वाढलेली ही बाई कोपरगावजवळच्या पाणीशुद्धीकरण केंद्रात मात्र कुलपासाठी हटून बसायची. जंतू मारणारे यूव्ही दिवे दुरुस्तीला घेतले, की मेन स्विच बंद करून कुणी चुकून वीज सोडू नये म्हणून त्याला स्वतःचं कुलूप ठोकायची आणि किल्ली दोरीत ओवून गळ्यात अडकवायची.

आजही तिनं तेच केलं. तरी दिव्यांच्या टाकीच्या काचेतून निळा उजेड येतच राहिला.

“काढ ते कुलूप,” ऑपरेटर जालिंदरमामा वैतागले. “लोकं पान्याची वाट बघत्यात.”

“बघू द्या. उजेड कुठून येतो ते कळल्याबिगर मी काढायची न्हाई.”

मामांनी अख्ख्या केंद्राची वीज तोडली. पंप थांबले. उजेड तसाच. त्या शांततेत टाकीवर आतून कुणीतरी ठोकलं.

मामा मागं सरले. प्रज्ञा पुढं झाली. “कोन हाय? कुलूप माझं हाय. मीच काढनार!”

आतून तिच्याच आवाजात, तिच्याच रागानं उत्तर आलं, “कुलूप माझं हाय. किल्ली माझ्या गळ्यात हाय.”

प्रज्ञानं गळा चाचपला. नुसती दोरी होती. दोरी मुठीत आवळून ती ओरडली, “मग ये भाईर, अन् काढ!”

टाकीच्या झाकणाचा पहिला बोल्ट हळूच फिरला.