मुद्देमालातली देवी

निजाम गेला, पारध्याला जन्मताच चोर ठरवणारा कायदाबी गेला म्हणं. तरी जळकोटात चोरी झाली की पोलीस सरळ आमच्याच पालावर. आमची चांदीची देवी त्यांनी चोरीचा माल म्हणून उचलून नेली, नवऱ्यालाबी धरून नेलं. कोर्टात मॅजिस्ट्रेट साहेबांनी ती टेबलावर ठेवली. नवऱ्याला म्हणाले, "तुझी असेल तर हातात घेऊन सांग." इतके दिस कोठडीत बिनअंघोळीचा, तो तिला कसा शिवंल? त्यानं हात पाठीमागं घेतले. आधी अंघोळीला पाणी द्या, असं तो आमच्या पारधी बोलीत म्हणाला. तिथं कुणाला कळलं न्हाय. म्या उठून मराठीत सांगाया लागले, तर शिपायानं दंडाला धरून बाहेर काढलं. दारातनं बघत राहिले. फिर्यादी बागायतदारानं तंबाखू मळून त्याच हातानं देवी उचलली. "व्हय, माझीच," म्हणाला. साहेब म्हणाले, "बघा, खऱ्या मालकाचा हात कसा कचरत नाही."