विहिरीच्या पाण्यावरचा पट्टा

जमिनीतून खनिज तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी शुद्ध करून तेल कंपनी गावच्या शेतीला फुकट देणार होती. शहरात मातीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गावच्या एका सुनेला त्याचा भरवसा नव्हता. त्यात उरलेल्या सोडियमने माती आवळते, आणि एकदा आवळलेली माती सहसा पुन्हा मोकळी होत नाही, हे तिला माहीत होतं. गावाने ते पाणी घ्यायचं की नाही, हे तिच्या तपासणीवर ठरणार होतं.

तिने सासऱ्यांच्या शेतात शेजारी शेजारी दोन पट्टे आखले. एकाला कंपनीचं पाणी, दुसऱ्याला विहिरीचं, तेही मिळेल तेवढंच.

"या दुसऱ्याने काय घोडं मारलंय तुझं?" सासऱ्यांनी विचारलं.

"फरक दिसायला हवा ना, बाबा," ती म्हणाली आणि शहरात कामावर परतली.

काही हंगामांनंतर दोन्ही पट्ट्यांची माती फरशीसारखी टणक निघाली. सोडियमचं प्रमाणही सारखंच. दोष मूळ मातीचा आहे, पाण्याचा नाही, असं तिने लिहून दिलं. आज गावातल्या सगळ्या शेतांत कंपनीचं पाणी सुटलं.

"मी उगाच त्या पाण्याच्या नावाने खडे फोडत होते, बाबा."

"मी तेव्हाच ओळखलं होतं," सासरे प्रेमाने म्हणाले.



"तुझा तो पट्टा करपायला लागला की मी गुपचूप त्यालाही कंपनीचंच पाणी द्यायचो. म्हटलं, पोरीची मेहनत वाया जायला नको."