सगळं सकाळसारखं हवं

सिनेमात दोन्ही बहिणींच्या भूमिका एकच हिरॉइन करत होती आणि थोरलीने धाकटीच्या थोबाडीत मारायची होती. यंत्रावर बसवलेला कॅमेरा तीच चाल दोनदा हुबेहूब चालणार, मग दोन्ही चित्रं जोडली जाणार. सकाळी हिरॉइन मॅडम थोरली झाल्या. धाकटीच्या जागी उभ्या असलेल्या डुप्लिकेटचा चेहरा नंतर पुसलाच जाणार होता, तरी मॅडमनी खरीखुरी लगावली. मग तळवा चोळत म्हणाल्या, "नाही जमलं. पुन्हा घेऊ." असं किती वेळा झालं, ते तिच्या गालालाच ठाऊक.

दुपारी मॅडम धाकटी झाल्या. आता मारायचं होतं डुप्लिकेटने. दिग्दर्शक धावतच आला. "हात नुसता हवेत फिरव हं. मॅडमना बोटसुद्धा लागता कामा नये."

"आणि सकाळी मला लागलं ते?"

"तुझं तोंड कुठे दिसणार आहे?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिग्दर्शक तोवर यंत्रवाल्यावर ओरडत होता, "सगळं सकाळसारखं हवं, केसाचाही फरक नको!"

कॅमेरा सरकला. फाडकन आवाज झाला.

डुप्लिकेटने शांतपणे तळवा चोळला.

"नाही जमलं," ती म्हणाली. "पुन्हा घेऊ."