निळी गोणी

डॉक्टरांनी शेवंती घोडीची जीभ बोटांत धरून बाहेर ओढली आणि सोडून दिली. जीभ आत गेली नाही. ओठांच्या कडेला तशीच लोंबत राहिली.

"असं कधीपासून?"

दक्षताला नीट सांगता येईना. बाबांना जाऊन आज तेरा दिवस झाले होते, एवढंच तिला नक्की माहीत होतं. मधले दिवस एकमेकांत मिसळून गेले होते.

"परवापासून खात नाही. बहुतेक परवापासून."

घोडी घमेल्यातला कोंडा तोंडात घ्यायची, बराच वेळ चघळायची आणि तो ओला गोळा पुन्हा घमेल्यात पडायचा. बादलीत तोंड घालून उभी राहायची, पण पाणी कमी व्हायचं नाही. पापण्या जड झाल्या होत्या. माशा बसल्या तरी शेपूट हलत नव्हती.

कोलशेतच्या त्या पत्र्याच्या तबेल्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलं होतं. प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं. तुझ्या बापाने, मारुतीने, बारा वर्षं जिला वरातीत नाचवलं, ती त्याच्यामागे कशी खाईल? हरिहरकाका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. शेकडो वराती ते शेवंतीच्या पुढे चालले होते. त्यांनी बादलीकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "पाण्यात त्याचं तोंड दिसतंय का बघतेय ती. सुयाबिया टोचू नकोस गं तिला. जायचं असेल तर जाऊ दे मारुतीकडे."

ते ऐकून दक्षताला बरं वाटलं होतं. तिला स्वतःला अजून रडू आलं नव्हतं. निदान घोडीला तरी कळत होतं काय करायचं ते. आज डॉक्टरांना बोलावलं तेही तिने काकांना न विचारता.

"चारा कुठला घालताय?" डॉक्टरांनी विचारलं.

चाऱ्याचं सगळं बाबा बघत. लग्नानंतर ती कोपरला राहायला गेली, शाळेच्या ग्रंथालयात लागली, आणि तबेला सणावारापुरता उरला. बाबा दुपारी जेवता जेवता गेले. सांगायचं काही राहिलं असेल तर ते राहिलंच. सहाव्या दिवशी गवत संपलं तेव्हा तिला माळ्यावर एक निळी गोणी सापडली. आत बारीक कापलेल्या चाऱ्याची कुट्टी होती. बाकीच्या गोण्या सुतळीने बांधायचे, हिच्या तोंडाला मात्र बाबांचा पंचा बांधलेला होता, दोन गाठी मारून. त्यांनी शेवंतीसाठी मुद्दाम जपून ठेवलेली दिसत होती. पंचा तिने सोडला, धुतला आणि घडी घालून घरी नेला.

पहिल्या दिवशी शेवंतीने ती कुट्टी हुंगली आणि मान वळवली. "बघितलंस?" हरिहरकाका म्हणाले होते. "त्याच्या हातचं पाहिजे तिला." म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षताने खुंटीवरचा बाबांचा खाकी शर्ट अंगात चढवला आणि मूठ मूठ करून भरवलं. शेवंतीने बाही हुंगली. मग खाल्लं. तेव्हापासून तबेल्यात दक्षता तोच शर्ट घालत होती.

डॉक्टरांनी हातमोजे घातले आणि उरलेली गोणी अंगणात उलटी केली. कुट्टीचे दमट गोळे पडले. शेवटच्या गोळ्यात करडी लव होती आणि एक वाळलेली शेपटी.

"उंदीर," डॉक्टर म्हणाले. "बॉटुलिझम वाटतोय. बंद गोणीत जनावर कुजलं की त्याचं विष चाऱ्यात उतरतं. मग एकेक स्नायू ढिला पडतो. आधी जीभ, घसा, पापण्या. मग पाय."

हरिहरकाका पुढे आले. "म्हणजे डॉक्टर, हिला दुःख नाही झालं?"

"ते मला तपासता येत नाही, काका. तिला भूक आहे, एवढं दिसतंय. गिळता येत नाहीये."

तेवढ्यात गंगुबाई गवताचा भारा घेऊन आत आली. पहिल्यापासून चारा तीच पुरवायची. तापाने पंधरा दिवस पडून होती. तिने भारा टाकला आणि अंगणाकडे पाहत राहिली.

"अगं बाय, ही गोणी अजून इथंच? तुझ्या बापानं फोन केलेला मला. म्हणाला, आत काय तरी मेलंय, तुझी घाण परत ने. मीच आले नाय."

"त्यांनी ती बांधून ठेवली होती, मावशी."

"मग! पंचा बांधलेला ना? खराब गोणीला तो आपला पंचाच बांधायचा. चुकून कुणी हात लावायला नको म्हणून."

दक्षताने मान हलवली. कशासाठी, ते तिचं तिलाच कळलं नाही.

डॉक्टर पिशवीतून नळी काढत होते. तोंडाने काही द्यायचं नाही, ते सांगत होते. पाणी आणि पेज नळीने. याच्यावरचं औषध जवळपास मिळणार नाही, फोन करून बघतो. ती पायांवर उभी राहिली तर आशा आहे. "पोटात किती गेलंय त्यावर आहे सगळं. एखाद दिवसच खाल्लं असेल ना?"

"तीन दिवस."

"तीन?" डॉक्टर थांबले. त्यांनी मूठभर कुट्टी उचलून नाकाजवळ नेली आणि लगेच टाकली. "अहो, वास बघा. असल्या चाऱ्याला घोडं सहसा तोंड लावत नाही. उपाशी असलं तरी मागे सरतं. मग हिने तीन दिवस खाल्लं कसं?"

हरिहरकाकांनी दक्षताकडे पाहिलं. गंगुबाईनेही पाहिलं. शेवंतीने मान कशीबशी लांब केली आणि लोंबता ओठ दक्षताच्या बाहीला लावला.

 दक्षता बाबांच्या शर्टाची बटणं काढू लागली.