घंटाघराची जागा

गोष्ट पंचावन्न सालची. वैनगंगेकाठचं गाव शहर होऊ लागलं होतं. भर चौकातलं रंभाबाईचं घर नगरपालिकेला घंटाघरासाठी हवं होतं. अध्यक्ष गुणवंतराव मजूर घेऊनच दारात आले. “बाई, घंटाघरानं गावाची शान वाढन.” “भाऊ, माही लेक बाळंतपणात अडली, चांद्याच्या दवाखान्यात नेता नेता बैलगाडीतच गेली. बायांचा दवाखाना बांधत असान तर घर फुकट घ्या. घंटाघराले वीतभर जागा देणार नाई.” बघ्यांतल्या बायका एकेक करून तिच्या ओट्यावर बसल्या. शेवटी गुणवंतरावांची पोटुशी सूनही बसली. तिच्याकडे पाहत अध्यक्ष सगळ्यांसमक्ष म्हणाले, “दवाखानाच बांधू.” नांदत्या घरावर घाव घालायला मजूर मात्र कचरले. रंभाबाईनं एकाची कुदळ घेतली आणि स्वतःच्याच भिंतीत घातली. डोळे भरले, आवाज कापला नाही. “उभे काऊन? चालवा हात! कोण्या मायची पोर आजबी अडली असन.”