वगळलेलं नाव

माजिवड्यातल्या आमच्या सोसायटीचा मी अकरा वर्षं बिनपगारी सेक्रेटरी. लिफ्टच्या तक्रारींचे मेल एकत्र दिसावेत म्हणून मी एक सर्च सेव्ह करून ठेवलाय. मागच्या महिन्यात सातव्या मजल्यावरच्या मायाताई अडकलेल्या लिफ्टमध्ये गुदमरून वारल्या. चौकशीसाठी तो सर्च उघडला, तर त्यांचा एकही मेल दिसेना.

"हरिहरकाका, सर्च बिघडलेला नाही," खजिनदार केदार म्हणाला. "त्यात मायाताईंचं नाव वगळलंय. कोणी वगळलं?"

रोज उठून तीच रड, म्हणून मीच वगळलेलं.

केदारने ती अट काढली. त्यांचे एकेचाळीस मेल समोर आले. त्यातला एकही मी उघडलेला नव्हता.

आम्ही बघत असतानाच वर बेचाळिसावा आला.

"सेक्रेटरीसाहेब, दार अजून उघडत नाहीये."